डॉक्युमेंट रिव्ह्यू पुण्याला पाठवल्यानंतर: काही महिन्यांचा अनुभव

न्यू जर्सीतल्या आमच्या छोट्या लॉ फर्मने गेल्या दिवाळीच्या सुमारास डॉक्युमेंट रिव्ह्यूचं, म्हणजे खटल्यातले ईमेल आणि कागद वाचून त्यांना टॅग लावण्याचं, काम पुण्यातल्या एका एलपीओ कंपनीला (परदेशी वकिलांची कामं करून देणाऱ्या कंपनीला) द्यायला सुरुवात केली. मी मराठी, म्हणून त्या टीमशी बोलायचं काम माझ्याकडे आलं. कंपनीचं नाव देत नाही. मला जे सांगायचंय ते कुठल्याही व्हेंडरला लागू आहे: काम बाहेर देता येतं, देखरेख देता येत नाही, आणि दर ठरवताना नेमका तोच खर्च कोणी धरत नाही.

मुलं-मुली हुशार आहेत, बहुतेक जण एलएलबी झालेले. वेळेतल्या फरकाचा फायदाही खरा आहे. संध्याकाळी पाठवलेली बॅच सकाळी ऑफिसला पोचेपर्यंत टॅग होऊन तयार असते.

अडलं ते प्रिव्हिलेजपाशी, म्हणजे वकील आणि क्लायंट यांच्यातला जो गोपनीय पत्रव्यवहार समोरच्या पक्षाला द्यावा लागत नाही, त्यापाशी. क्लायंटने दिलेल्या यादीत त्यांच्या कंपनीच्या वकीलबाईंचं नाव मार्गारेट होतं, आणि ईमेलमध्ये सगळे त्यांना पेगी म्हणत होते. इथे वाढलेल्या पॅरालीगलला (वकिलाच्या मदतनिसाला) मार्गारेटची पेगी किंवा विल्यमचा बिल होतो हे सांगावं लागत नाही. पुण्यातल्या मुलीला ते ठाऊक असायचं काही कारणच नाही. तिने ते ईमेल 'नॉट प्रिव्हिलेज्ड' म्हणून टॅग केले. आमच्या सँपल तपासणीत ते सापडले, म्हणून समोरच्या पक्षाकडे गेले नाहीत. फेडरल कोर्टात केस असेल तर एव्हिडन्सच्या नियम ५०२(डी) खाली ऑर्डर आधीच मागून घ्या. मग एखादा कागद चुकून गेलाच, तरी त्यामुळे प्रिव्हिलेज जात नाही. पण समोरच्या वकिलाने तो वाचलेला असतो, त्याला कुठलीही ऑर्डर काही करू शकत नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. काम वाढलं तेव्हा कंपनीने आम्हाला न विचारता काही बॅच दुसऱ्या शहरातल्या सब-कॉन्ट्रॅक्टरकडे दिल्या. लॉगिनच्या नोंदीत अनोळखी नावं दिसली, तेव्हा कळलं. जाब विचारला तर उत्तर आलं, "मॅडम, एनडीए आहे ना." तो एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार, कंपनीशी होता, त्या नव्या माणसांशी नव्हता. त्यांचा कॉन्फ्लिक्ट चेकही झालेला नव्हता. तीच माणसं समोरच्या पक्षाचंही काम करत असती, तर आम्ही क्लायंटला काय सांगणार होतो?

अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेचं, काम बाहेर देण्याबद्दलचं २००८ चं फॉर्मल ओपिनियन ०८-४५१ पार्टनर मंडळींनी मुळातून वाचायला हवं. जबाबदारी शेवटी वकिलाचीच, हे त्यात स्वच्छ आहे. व्हेंडरची जागा, नेटवर्क, इतकंच काय, रद्दीची विल्हेवाट कशी लावतात तेही तपासण्याचा विचार करा, असं ते सांगतं. माहिती बाहेर द्यायची तर बहुतेक वेळा क्लायंटची संमती लागते. क्लायंटच्या बिलात हे काम खर्च म्हणून दाखवलं, तर वेगळं ठरलेलं नसताना प्रत्यक्ष खर्च आणि वाजवी ओव्हरहेड एवढंच लावता येतं.

"भारतात आता डेटा कायदा आहे," हे सेल्सवाले हमखास सांगतात. २०२३ च्या त्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्याचं कलम १७ वाचा. भारताबाहेरच्या लोकांचा डेटा परदेशी कंपनीशी झालेल्या कराराखाली हाताळला जात असेल, तर सुरक्षेची जबाबदारी राहते, पण इतर बरीचशी बंधनं लागू होत नाहीत. म्हणजे जे हवं ते करारातच लिहून घ्यावं लागतं.

पेटंटचं काम आम्ही पाठवतच नाही. अर्ज परदेशात दाखल करायचा परवाना असला, तरी अर्जाचा मसुदा करून घेण्यासाठी तांत्रिक माहिती बाहेर पाठवायला तो चालत नाही, असं अमेरिकन पेटंट ऑफिसने २००८ मध्येच स्पष्ट केलंय.

करार आम्ही पुढे चालू ठेवलाय, पण फक्त डॉक्युमेंट रिव्ह्यूपुरता. सब-कॉन्ट्रॅक्टिंगला लेखी बंदी आहे, आणि नावानिशी यादी दिल्याशिवाय कुणालाही लॉगिन मिळत नाही. माझे तपासणीचे तास धरले तरी पैसे वाचतात, पण प्रेझेंटेशनमध्ये दाखवले होते त्याच्या जवळपासही नाहीत.