टेकडी की वही?

मन खट्टू असलं की माझ्यासमोर दोन वाटा असतात: पर्वती चढणं किंवा वहीत मनातलं ओतणं.

पर्वतीचा गुण लगेच येतो. शंभरेक पायऱ्यांत श्वास फुलतो, लक्ष पायांकडे जातं आणि डोक्यातलं दळण थांबतं. सकाळचं ऊन मिळालं तर रात्रीची झोपही सुधारते. अडचण एकच: उदास माणसाला चपला घालणं हेच डोंगराएवढं वाटतं. (मी स्वतःला 'फक्त कोपऱ्यापर्यंत' असं फसवतो.)

वही अंथरुणातही चालते, पण गुण उशिरा येतो. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं मनावरच्या आघातांबद्दल लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांना आधी जास्तच वाईट वाटलं. पुढच्या महिन्यांत मात्र, साध्यासुध्या विषयांवर लिहिणाऱ्यांपेक्षा, त्यांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. आधी वाईट वाटतं, म्हणून रात्री झोपायच्या तोंडावर मी लिहीत नाही. तेच तेच उगाळलं जात असेल तर वही मिटायची.

माझं मत? विचार गरगरत असतील तर टेकडी, नेमकं काय सलतंय तेच कळत नसेल तर वही. उदासी दोन आठवडे हटली नाही, तर दोन्ही सोडून डॉक्टर, किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६.