दोन वॅनचा राउटर, सात महिन्यांनी: हिरवा दिवा म्हणजे नेट नव्हे

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या खरेदी केंद्रासमोर सोयाबीनचे सात ट्रॅक्टर उभे होते आणि एकाचीही पावती निघत नव्हती. दोन कंपन्यांच्या लाइन, दोन वॅनचा (म्हणजे बाहेरून येणाऱ्या नेटच्या दोन लाइन जोडता येणारा) राउटर, सगळं जागेवर. तरी नेट बंद. त्या दुपारमुळेच लिहितोय.

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं ऑफिस आहे. टॅलीचा सर्व्हर यवतमाळला, तिथे वायरगार्डच्या टनेलने, म्हणजे नेटवरूनच जाणाऱ्या खाजगी बंदिस्त वाटेने जातो. पहिली वॅन फायबर, दुसरी फोर-जी सिम. गोदामाजवळच्या वजनकाट्यापर्यंत पाच गिगाहर्ट्झची वायरलेस लिंक आहे. तिने काहीच त्रास दिला नाही, मध्ये आलेली कडुनिंबाची फांदी छाटली तेवढंच.

त्या दिवशी रस्त्याच्या कामात पुढे कुठेतरी केबल तुटली होती. लाइनवाल्याला फोन केला तर म्हणे, "भाऊ, डब्यावरचा लाइट हिरवा हाये न? मंग लाइन चालूच असन." लाइट खरंच हिरवा होता. पण तो फक्त आपल्या डब्यापासून त्यांच्या मशीनपर्यंतची फायबर शाबूत असल्याचं सांगतो, आणि तुटलं होतं त्याच्या पलीकडे. आमचा राउटरही तेवढंच बघत होता. तो त्यांच्या गेटवेला, म्हणजे लाइनवाल्यांच्या पहिल्या मशीनला पिंग करायचा (‘आहेस का?’ असं विचारायचा) आणि गेटवे इमानदारीने उत्तर द्यायचा. दोन तास मेलेल्या लाइनला चिकटून राहिला आणि पैसे भरलेलं सिम शेजारी रिकामं. "पावती भेटते का नाही आज?" असं एका काकांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी फायबरची वायर हाताने उपसली. मिनिटभरात नेट आलं.

राउटर परत करायचंच ठरवलं होतं. रात्री सेटिंग बघत बसलो तेव्हा मत बदललं. लाइन जिवंत आहे की नाही हे कशावरून ठरवायचं, ते त्यात बदलता येतं. आता प्रत्येक लाइनमधून 8.8.8.8 आणि 1.1.1.1 ला, म्हणजे गूगल आणि क्लाउडफ्लेअरच्या बाहेरच्या सर्व्हरना पिंग जातं. दर पाच सेकंदांनी, आणि दोघांकडूनही सलग तीनदा उत्तर आलं नाही तर सिमवर उडी. राउटर घेतल्यावर वायर काढून बघण्याच्या चाचणीवर विसंबू नका. वायर काढली की कुठल्याही राउटरला कळतं. जूनमध्ये आम्ही तीच चाचणी करून निश्चिंत झालो होतो.

पुढच्या वेळी नेट सिमवर गेलं, पण टॅली उघडेना. टनेल जिवंत ठेवायला दर 25 सेकंदांनी जाणारं पॅकेटच राउटरमधली जुन्या लाइनवरची नोंद मिटू देत नव्हतं, म्हणून टनेल मेलेल्या लाइनवरच अडकून राहायचा. लाइन बदलली की टनेल बंद करून पुन्हा चालू करणारी छोटी स्क्रिप्ट टाकली. टनेल आमच्याच बाजूने सुरू करावा लागतो, कारण सिमला स्वतंत्र पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता मिळत नाही. यवतमाळला स्टॅटिक (न बदलणारा) आयपी आहे म्हणून जमतं.

लोड बॅलन्सिंग, म्हणजे दोन्ही लाइन एकाच वेळी वापरणं, मात्र पहिल्याच महिन्यात बंद केलं. एक क्लिक फायबरने, दुसरी सिमने, मधेच आयपी बदलला की बँकेची साइट ओटीपी टाकल्यावर बाहेर फेकते. शिवाय सिमचा दिवसाचा दीड जीबी डेटा सीसीटीव्ही दुपारपर्यंत संपवायचा. आता सिमवर फक्त टॅली आणि बिलिंग. फुकट जाणाऱ्या डेटाचे पैसे सभासदांचे आहेत.

फायबर परत आली की लगेच तिकडे जाऊ देत नाही. पाच मिनिटं सलग टिकली तरच. नाहीतर चालू-बंद होणाऱ्या लाइनवर टॅली दर मिनिटाला अडकते.

एक तक्रार अजून आहेच. लाइन बदलल्याचा मेसेज मोबाइलवर येत नाही. सकाळी कुलूप उघडलं की आधी राउटरचा लॉग (नोंदी) बघतो, कारण सिमवरच चाललंय हे कळलं नाही तर फायबरची तक्रार नोंदवायलाच दोन दिवस जातात.