मीटरचा उजेड: एलईडी बल्ब की ग्लो शीट?

जुन्या स्पोर्ट्स कारचे मीटर घरच्या घरी उजळायचे, तर दोन वाटा: बल्बच्या जागी एलईडी, नाहीतर डायलवर बसवायची ग्लो शीट, म्हणजे विजेवर स्वतःच उजळणारा पातळ पत्रा.

एलईडी लावूनही एखादा मीटर अंधाराच राहिला, तर लगेच वायरिंग उकलत बसू नका. एलईडीला प्लस-मायनस लागतं; बल्ब उलटा फिरवून बसवा, बहुतेकदा तेवढ्यानं भागतं. मध्येच झगझगीत ठिपके दिसले, तर चहूबाजूंना उजेड पसरवणारा एलईडी घ्या. उजेड कमी-जास्त करणारा डिमर जुना, रेझिस्टन्सवाला असेल तर एलईडीवर नीट चालेलच असं नाही. मग रात्री नाशिकहून मुंबईला निघालात की कसारा घाटात तो पांढरा प्रकाश डोळ्यांत खुपतो. बॅटरीचा इशारा देणारा दिवा मात्र मूळचाच ठेवा: अनेक गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून मिळतो, एलईडीनं चार्जिंगच अडू शकतं.

ग्लो शीटचा उजेड सगळीकडे सारखा, देखणाही. पण तिला बॅटरीच्या डीसी करंटचा एसी करणारा छोटा इन्व्हर्टर लागतो, आणि स्वस्तातला असेल तर बारीक शिट्टी वाजत राहते. शीट बसवताना काटे काढावे लागले की स्पीडोमीटरचं रीडिंग चुकायची धास्ती वेगळीच.

मी तरी एलईडीच घेईन, तेही पिवळसर. काटे उचकटायला हात धजत नाही.