चिठ्ठी स्ट्रॅडिव्हॅरीची, वाद्य भलतंच

‘स्ट्रॅडिव्हॅरी आहे असं मी म्हणत नाही हं,’ जुनं व्हायोलिन विकणारे गृहस्थ म्हणाले, ‘आत काय लिहिलंय ते तुम्हीच वाचा.’ आणि टॉर्च माझ्या हातात दिला. तिथेच मी फसलो.

व्हायोलिनच्या एफ-आकाराच्या छिद्रातून पिवळट चिठ्ठी दिसली: अंतोनियस स्ट्रॅडिव्हॅरियस, क्रेमोना, 1721. म्हणजे इटलीतला, व्हायोलिन बनवणारा सगळ्यात नावाजलेला कारागीर. सोबत गोव्यातलं जुनं घर आणि चर्चमध्ये वाजवणारे आजोबा, अशी कहाणीही होती. जगात स्ट्रॅडिव्हॅरीची वाद्यं उरलीत साधारण साडेसहाशे. त्यातलं एक आपल्यासाठी कपाटावर धूळ खात बसलंय, यावर वीस वर्षं व्हायोलिन वाजवणाऱ्या माणसानं विश्वास ठेवला! एक लाख ऐंशी हजार मोजले.

पुण्यात वाद्यं दुरुस्त करणाऱ्या काकांनी चिठ्ठीकडे आधी पाहिलंच नाही. कडेवरून नख फिरवलं. चांगल्या व्हायोलिनला कडेनं काळी-पांढरी-काळी अशी बारीक पट्टी खोबणीत बसवलेली असते. कडेला गेलेली चीर तिथे अडावी म्हणून. माझ्या वाद्यावर शाईच्या दोन रेघा होत्या. मग पाठ उजेडात तिरपी केली. मेपलच्या लाकडातल्या खऱ्या लाटा अशा वेळी सरकल्यासारख्या दिसतात. माझ्या जागच्या हलेनात, रंगवलेल्याच होत्या. आत दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसला आरसा घातला, तर चांगल्या व्हायोलिनच्या कोपऱ्यांत असतात ते ठोकळे नाहीत, आणि वरच्या पाटीखालची पट्टी, जी वेगळी चिकटवायची, ती पाटीतूनच कोरलेली.

‘जर्मनीचा माल,’ काका म्हणाले. तिथल्या मार्कनॉयकिर्खेन गावाच्या आसपास घरोघरी सुटे भाग बनत आणि डझनाच्या भावानं जगभर जात. नमुना कुणाचा, हे सांगायला स्ट्रॅडिव्हॅरीची चिठ्ठी लावायची पद्धतच होती. अमेरिकेच्या 1890 च्या आयात कायद्यानंतर तिच्याखाली ‘मेड इन जर्मनी’ छापलेलं सापडतं. माझ्या चिठ्ठीच्या तीन कडा झिजलेल्या, खालची मात्र ब्लेडनं सरळ कापलेली. कारखान्यानं लपवलं नव्हतं, ते नंतर कुणीतरी लपवलं.

जुनं वाद्य दिवसाउजेडी बघा, पैसे देण्याआधी दुरुस्तीवाल्याकडे न्या, आणि विकणारा तोंडानं जे सुचवतोय ते पावतीवर लिहून मागा. मी फोन केला तेव्हा गृहस्थ शांतपणे म्हणाले, ‘मी कधी म्हटलं होतं?’ पावतीवर आहे: जुने व्हायोलिन, एक नग, पेटीसह.

पेटी चांगली आहे.