काच सोपी, खाच अवघड: खिडक्या धुण्याच्या जोडधंद्यासाठी बादली-वायपर की लांब दांडा?

नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी लोकांच्या खिडक्या साफ करून द्यायचं डोक्यात घेतलं की पहिला प्रश्न साधनांचा येतो. एका बाजूला बादली, साबणपाणी आणि काच निथळायचा वायपर. दुसऱ्या बाजूला जमिनीवर उभं राहून शुद्ध पाणी सोडत काच घासणारा लांब दांड्याचा ब्रश. व्हिडिओत दुसरा प्रकार फार देखणा दिसतो. माणूस अंगणात उभा, दांडा वर, पाणी वाहतंय, पुसायची गरजच नाही. मी पुण्यात दोन्ही वापरलेत. माझं मत आधीच सांगतो: गिऱ्हाईक फ्लॅटमधलं असेल तर बादली-वायपर घ्या. बंगले आणि रो हाउस हाताशी असतील, तरच दांड्याचा विचार करा.

व्हिडिओतला दांडा मुळात दुसऱ्या घरांसाठी आहे. ब्रिटनमध्ये 2005 साली उंचीवरच्या कामाचे नियम आले, शिडीवर चढून काच पुसणं शक्यतो टाळायला हवं असं झालं आणि दांडा तिथे रुळला. तिथलं नेहमीचं घर दुमजली. खिडकीला ग्रिल नाही, जाळी नाही, आणि काच पुसणारा ठरावीक आठवड्यांनी येतच असतो, त्यामुळे मळ साचत नाही.

आता वाकड किंवा वाघोलीतली खिडकी डोळ्यांसमोर आणा. बाहेर लोखंडी ग्रिल, ग्रिलवर कुंड्या, आत तीन ट्रॅकची सरकती खिडकी आणि त्यातल्या एका ट्रॅकवर मच्छरदाणीची जाळी. शेजारी बांधकाम चालू, म्हणजे सिमेंटची धूळ. वर्षभरात कोणी हात लावलेला नाही. अशा खिडकीत काच हा सगळ्यात सोपा भाग. सरावलेल्या हाताला एक काच आतून-बाहेरून करायला काही मिनिटं पुरतात. खरा वेळ जातो जाळीत आणि खालच्या खाचेत, जिला फॅब्रिकेटर (खिडक्या बनवणारे) ट्रॅक म्हणतात. बाहेरून पाणी मारणारा दांडा या दोन्हींना हातही लावू शकत नाही. ग्रिलच्या गजांतून तर ब्रश काचेपर्यंत पोचतच नाही.

खाचेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण गिऱ्हाईक पुन्हा बोलावतं ते तिच्यामुळे. सुरुवातीला सगळेच एक चूक करतात, मीही केली: खाचेत आधी पाणी ओततात. वर्षभराच्या धुळीचा चिखल होतो, कोपऱ्यात जाऊन बसतो, आणि पाच मिनिटांचं काम अर्ध्या तासाचं होतं. आधी सगळं कोरडं करायचं. जुना रंगाचा ब्रश घेऊन धूळ सुटी करायची, घरातल्या व्हॅक्यूमच्या बारीक तोंडाने ओढून घ्यायची आणि मगच ओल्या फडक्याने पुसायचं. खाचेच्या बाहेरच्या बाजूला पाणी निघून जायला बारीक भोकं ठेवलेली असतात. ती एका तारेने मोकळी करा. ती तुंबलेली असली की जूनच्या पहिल्या जोरदार सरीत पाणी आत येतं, आणि लोक दोष खिडकीला देतात. मे महिन्यात कोणाला हे काम सुचवलंत तर ‘हो’ मिळण्याची शक्यता दिवाळीइतकीच.

जाळी काढता येत असेल तर काढून बाथरूममध्ये आडवी करा, मऊ ब्रश आणि साबणपाण्याने धुवा आणि भिंतीला टेकवून वाळू द्या. कबुतरांची विष्ठा असेल तर ती कोरडी खरवडू नका. तिची धूळ श्वासातून गेली की काहींना फुप्फुसाचा गंभीर त्रास होतो. पाणी शिंपडून भिजवा, तोंडाला मास्क लावा आणि मग काढा.

बादली-वायपरचा खर्च किरकोळ आहे. बारा ते चौदा इंचांचा चांगला वायपर, बदलायला दोन-तीन रबरं, काच भिजवायला कापडी बाही असलेला पट्टा, पाच-सहा मायक्रोफायबर फडकी, बादली आणि भांड्यांच्या साबणाचे काही थेंब. एवढ्यात पहिलं काम करता येतं. या अवजाराचं आजचं रूप जुनंच आहे. इटलीतून कॅलिफोर्नियात गेलेल्या एत्तोरे स्टेकोने या काच पुसणाऱ्या माणसाने 1936 साली हलका पितळी वायपर बनवला, त्याला एकच धारदार रबर लावलं. आजचे वायपर त्याच रचनेवर चालतात. म्हणून पैसे हँडलवर नको, रबरावर खर्च करा. रबराला एक चीर पडली की प्रत्येक काचेवर एक रेघ उमटते आणि दोष हाताला दिला जातो. प्रत्येक ओढीनंतर रबर फडक्याला टिपायचं. काचेची वरची कड आधी दोन बोटं कोरडी करायची, म्हणजे वरून ओघळ येत नाही. उन्हात तापलेली काच धुवायला घेऊ नका, वायपर ओढायच्या आत साबण वाळतो. सकाळी पश्चिमेच्या खिडक्या, दुपारनंतर पूर्वेच्या.

फ्लॅटमध्ये अडचण येते ती बाहेरच्या अंगाची. सरकती काच उचलून आत काढता येते, पण वजनाचा अंदाज असू द्या. एक चौरस मीटर काच, एक मिलिमीटर जाडीची, अडीच किलो भरते. म्हणजे तीन फूट बाय चार फुटांची पाच मिलिमीटरची काच नुसतीच 14 किलोंच्या आसपास, वर ॲल्युमिनियमची चौकट. एकट्याने काढायची नाही. बाहेर ग्रिल नसेल तर दोघांनीही काढायची नाही, कारण निसटली तर ती खाली चालणाऱ्या माणसावर पडेल. अशा ठिकाणी आतून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून जेवढं पोचतं तेवढंच करा आणि उरलेलं होणार नाही असं गिऱ्हाईकाला आधी सांगा. सज्जावर उतरणं, खिडकीच्या कट्ट्यावर उभं राहणं, कमरेपर्यंत बाहेर झुकणं, यातलं काहीही कितीही पैशांसाठी करू नका. बाहेरून दोरावर काम करणारे प्रशिक्षित लोक वेगळे असतात, त्यांचं काम त्यांना द्या. दोन्ही बाजूंनी चिकटणारे चुंबकी पुसणे मिळतात, पण मध्ये वाळूचा एक कण अडकला तरी काचेवर कायमचा ओरखडा येतो. आपल्याकडच्या धुळीत मी ते वापरत नाही.

लांब दांड्याची गंमत पाण्यात आहे. काच न पुसता डाग नको असतील तर पाण्यात विरघळलेले क्षार जवळजवळ शून्य लागतात. हे क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर आकडा लिटरला दहा मिलिग्रॅमच्या आत हवा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे, म्हणजे प्यायला उत्तम असलेलं पाणीही काचेवर पांढरे ठिपके सोडू शकतं. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चालेल असं बऱ्याच जणांना वाटतं. ते बहुधा दहाच्या वरच असतं, चालत नाही. म्हणून दांड्याबरोबर आरओ आणि रेझिनची, म्हणजे उरलेले क्षार ओढून घेणाऱ्या दाण्यांची, टाकी लागते. रेझिन किती दिवस टिकेल ते कच्च्या पाण्यावर ठरतं. खडकवासल्याचं नळाचं पाणी मऊ, त्यावर बरंच टिकतं. बोअर किंवा टँकरचं पाणी जड, त्यावर भराभर संपतं. शिवाय आरओ बरंच पाणी वाया घालवतं. ज्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचं बिल सगळ्यांच्या डोक्यावर असतं, तिथे खिडकीसाठी असं पाणी वाहू देणं मला पटत नाही. बादलीवाला अख्खा दोन बीएचके तीन-चार बादल्यांत उरकतो.

तरीही दांडा वाईट म्हणणार नाही. कोथरूड-औंधचे जुने बंगले, लोणावळ्याची सुट्टीची घरं, जिन्यालगतची दोन मजली उंच बंद काच: तिथे शिडीपेक्षा दांडा कितीतरी सुरक्षित. आणि एक जोड काम आहे. 2024 मध्ये घरच्या सौर पॅनेलला अनुदान देणारी पीएम सूर्यघर योजना सुरू झाल्यापासून घरांच्या गच्चीवर सौर पॅनेल वाढताहेत. धूळ बसली की त्यांची वीज कमी होते, आणि त्याच दांड्याने, त्याच पाण्याने ते धुता येतात. फक्त सकाळी लवकर धुवा. तापलेल्या पॅनेलवर गार पाणी मारू नये. महिन्याला निदान आठ-दहा बंगले-पॅनेलची कामं नक्की झाली की मग दांडा घ्या, आधी नको.

गिऱ्हाईक कुठून आणायचं याचं उत्तर साधनाइतकं अवघड नाही. ॲपवर काम पटकन मिळतं, पण भाव आणि वेळ त्यांच्या हातात, आणि नोकरीवाल्याला ठरलेली वेळ पाळणं जड जातं. हाउसकीपिंगच्या ठेकेदाराकडे रोज मिळेल, पण मग तो तुमचा जोडधंदा उरत नाही. माझा कौल स्वतःच्या सोसायटीला. तिथे वॉचमन ओळखतो, लिफ्टची परवानगी सहज मिळते, आणि एका काकूंच्या हॉलची खिडकी नीट झाली की काम मजलाभर पसरत जातं. पहिल्या घरी निघताना जाळी परत बसवून, सरकवून दाखवा. लोक चमकणाऱ्या काचेपेक्षा अलगद सरकणाऱ्या खिडकीवर जास्त खूश होतात.

भाव चौरस फुटावर लावू नका. खिडकीवर लावा, आणि काच, जाळी, खाच असे तीन वेगळे आकडे ठेवा. ज्यांना नुसती काच हवी त्यांना स्वस्त पडतं आणि तुमची फसगत होत नाही. जड पाण्याचे जुने पांढरे डाग वेगळ्या भावाचे. सायट्रिक ॲसिड किंवा व्हिनेगर कोपऱ्यात लावून पाहा, निघाले तरच काम घ्या. बाजारात मिळणारी जालीम ॲसिडं काचेला आणि ॲल्युमिनियमला लावू नका. काचेच्या कोपऱ्यात टफन्डचा (तापवून कडक केलेल्या काचेचा) शिक्का असेल तर ब्लेडने रंग खरवडायचा नाही, बारीक ओरखडे पडतात आणि ते उन्हात दिसतात. फिल्म लावलेल्या काचेवर अमोनियाचा क्लीनर नको.

कागदपत्रांचा बाऊ नको. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि मोफत आहे. मोजकीच माणसं असतील तर महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात नुसती सूचना द्यावी लागते. सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. नोकरीच्या करारात बाहेरचं काम चालतं का, तेवढं मात्र सुरुवातीलाच वाचून घ्या.

नवरात्राच्या आधी सगळ्यांनाच घर स्वच्छ हवं असतं, पण तेव्हा शिकायला सवड नसते. म्हणून हात बसवायला जानेवारी-फेब्रुवारी धरा. पहिली खिडकी स्वतःच्या घरातली घ्या. मोबाइलवर घड्याळ लावा आणि काचेला किती मिनिटं लागली, जाळीला किती, खाचेला किती, हे वहीत वेगळं लिहा. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांची एक खिडकी फुकट करून तेच आकडे पुन्हा घ्या. तुमच्या तासाला किती मिळायला हवेत ते ठरवा, साठने भागा आणि मिनिटांनी गुणा. तुमचा पहिला भाव त्या वहीत तयार असेल.