ओआरएस पावडर: माप चुकलं तर फायदा नाही

जुलाबात पाण्याबरोबर क्षारही जातात, म्हणून नुसतं पाणी पुरत नाही. इथे ओआरएसची, म्हणजे पाण्यात विरघळवून प्यायची क्षार-साखरेची, पुडी उजवी ठरते. लिटरमागे ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५, सोडियम सायट्रेट २.९. ग्लुकोज चवीपुरतं नाही: आतड्यात ते सोडियमला सोबत ओढतं, मागोमाग पाणी शिरतं. लिटरची पुडी एका ग्लासात ढवळणं ही नेहमीची चूक. द्रावण दाट झालं की जुलाब वाढू शकतात. पुडीवरचं माप वाचा, पूर्ण पुडी घाला, २४ तासांत संपवा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमचाचमचा द्या. चव? खारट-गोड, बेताचीच. बरेच दिवस उपाशी असलेल्याला मात्र हे पुरेसं नाही. खाणं सुरू होताच रक्तातलं फॉस्फेट (शरीराला लागणारा एक क्षार) घसरू शकतं, तिथे डॉक्टरच हवा.