कीकॅडचा प्रोजेक्ट कुठे ठेवावा: सिंक फोल्डरमध्ये की गिटमध्ये?

नऱ्ह्यात माझं पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचे बोर्ड) डिझाइनचं छोटं काम चालतं. कीकॅड हे असे बोर्ड डिझाइन करायचं सॉफ्टवेअर. त्याच्या फायली सांभाळायला आधी तीन वर्षं सिंक फोल्डर (इंटरनेटवरून सगळ्या कॉम्प्युटरवर आपोआप सारखा राहणारा) वापरला, आता गिट (फायलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरतो. कुठला निवडावा म्हणून अडला असाल तर माझा अनुभव उपयोगी पडेल.

सिंक फोल्डरमध्ये शिकायचं काही नसतं. फाईल सेव्ह केली की ती वर जाते, आणि रात्री घरच्या कॉम्प्युटरवर तोच बोर्ड तयार असतो. मी त्यावर खूश होतो, ते भोसरीच्या एका ग्राहकाच्या मोटर ड्रायव्हर बोर्डापर्यंत.

गुरुवार होता. आमच्याकडे देखभालीसाठी वीज जाते ती बहुधा गुरुवारीच, आणि यूपीएसची बॅटरी उतरली होती. सेव्ह केलं आणि त्याच क्षणी वीज गेली. परत आल्यावर बोर्ड उघडेना. कीकॅडची फाईल म्हणजे साधा मजकूर असतो, कंसात कंस; डिसेंबर २०२१ च्या सहाव्या आवृत्तीपासून स्कीमॅटिकही (सर्किटची आकृती) त्याच बांधणीचं आहे. म्हणून फाईल नोटपॅडमध्ये उघडून शेवटाला गेलो. एका ट्रॅकचे (बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेचे) आकडे लिहिता लिहिता ओळ मध्येच तुटली होती. पुढचे ट्रॅक नाहीत, ग्राउंडचे कॉपर झोन नाहीत, शेवटचा बंद कंसही नाही.

सिंकनं ही तुटकी फाईल इमानेइतबारे घरच्या कॉम्प्युटरवरही पोचवली. तेही चाललं असतं, कारण जुन्या आवृत्त्या मिळतात. खरा त्रास पुढे झाला. या आवृत्त्या प्रत्येक फाईलच्या वेगवेगळ्या असतात. बोर्ड आदल्या संध्याकाळचा परत आणला, पण स्कीमॅटिक त्या दिवशी सकाळचं, कनेक्टरच्या पिना बदललेलं. दोघांचा मेळ बसेना. मग त्या बोर्डाच्या वेळी स्कीमॅटिक नेमकं कसं होतं, हे शोधण्यात दुपार गेली. बोर्ड आणि स्कीमॅटिक ही एकाच कामाची दोन अंगं आहेत, हे सिंकला कळत नाही. माझा निर्णय झाला तो या एका गोष्टीवर.

गिटमध्ये एक कमिट म्हणजे त्या क्षणाचा अख्खा प्रोजेक्ट: स्कीमॅटिक, बोर्ड, प्रोजेक्टमधल्या लायब्ऱ्या, सगळं एकत्र. मागे जायचं तर सगळं मिळूनच मागे जातं. शिवाय साठवलेल्या प्रत्येक गोष्टीची ओळख तिच्या मजकुरावरून काढलेल्या ठशानं होते, त्यामुळे डिस्कवर आत काही बिघडलं तर ‘गिट एफएससीके’ ही कमांड ते दाखवून देते. फाईल मजकुराची असल्यामुळे दोन कमिटमध्ये काय बदललं हेही वाचता येतं. बोर्डाच्या बाबतीत ते वाचणं कंटाळवाणं आहे, हे मान्य.

गिटलाही मर्यादा आहेत. कमिट करायचं तुम्हालाच आठवावं लागतं. शेवटच्या कमिटनंतरचं काम गेलं तर ते गिटही परत देणार नाही. त्यासाठी कीकॅड स्वतः बॅकअपच्या झिप फायली करतो, त्या बंद करू नका. एकाच बोर्डावर दोघांनी राउटिंग केलं (ट्रॅक आखले) तर ते जोडताना दोघांचा घाम निघतो, म्हणून आम्ही बोर्ड एका वेळी एकाकडेच ठेवतो. आणि फाईल बिघडलेली असेल तर गिट तीही निमूटपणे साठवतं. कमिटच्या आधी बोर्ड एकदा उघडून डीआरसी (डिझाइनचे नियम पाळलेत का याची कीकॅडमधली तपासणी) चालवायची सवय मी लावून घेतली आहे.

एकटेच काम करता, एका पानाचं स्कीमॅटिक, कॉलेजचा प्रोजेक्ट, तर सिंक फोल्डरनं भागेल असं मला वाटतं. ग्राहकाचा बोर्ड असेल आणि सहा महिन्यांनी त्यात बदल येणार असतील, तर गिट शिकायला लागणारे दोन दिवस मी आनंदानं देईन.

दोन्ही एकत्र मात्र करू नका. गिटचा आतला फोल्डर सिंकमध्ये ठेवला तर सिंक त्यातल्या बारीकसारीक फायली मागेपुढे हलवत राहतो आणि इतिहासच बिघडू शकतो. मी रोज संध्याकाळी कमिट सर्व्हरवर पुश करतो, म्हणजे पाठवतो, आणि शनिवारी एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून घरी नेतो. लॉक फायली, ऑटोसेव्ह आणि त्या झिप गिटइग्नोरमध्ये (गिटनं सोडून द्यायच्या फायलींच्या यादीत) पहिल्याच दिवशी टाका. नाहीतर प्रत्येक कमिटला त्यांचीच गर्दी होते.